एका भाषणानं इंग्लंडला महायुद्धात नेणारा मंत्री, म्हातारपणी त्याच्या हॅटवर येऊन पक्षी बसायचे

एक जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे.

फोटोत एक वयस्कर इंग्रज गृहस्थ दिसतात. डोक्यावर हॅट आणि त्या हॅटवर मूठभर आकाराचा एक पक्षी निवांत बसलेला. हा पक्षी पिंजऱ्यातला नाही, पाळलेलाही नाही. मनात आलं तर पुढच्या क्षणी भुर्रकन उडून जाईल असा, बागेत हिंडणारा रानपाखरू आहे तो.

फोटो बघून वाटतं, असतील कुणीतरी पेन्शनर आजोबा. गावाकडं राहत असतील, वेळ जात नसेल, म्हणून पक्ष्यांना दाणे टाकत असतील.

पण या आजोबांनी ३ ऑगस्ट १९१४ ला ब्रिटिश संसदेत एक भाषण केलं होतं. त्या भाषणानंतर दुसऱ्याच दिवशी ब्रिटन पहिल्या महायुद्धात उतरलं. ब्रिटनबरोबर भारतही त्यात ओढला गेला. आपल्याकडची लाखो पोरं फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत लढायला गेली आणि त्यातली हजारो परत आलीच नाहीत.

या माणसाचं नाव सर एडवर्ड ग्रे. सलग ११ वर्षं ते ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री होते. इतका काळ सलग हे पद आजवर दुसऱ्या कुणालाही सांभाळता आलेलं नाही.

आणि या फोटोतली खरी गोष्ट तर पुढंच आहे. ज्या पक्ष्यांना ते हातावर घेऊन खाऊ घालायचे, ते पक्षी त्यांना धड दिसतही नव्हते.

तर गोष्ट सुरू होते १८६२ पासून.

चहावाल्या ग्रे घराण्यातला मुलगा

तुम्ही कधी अर्ल ग्रे चहा प्यायला असाल. नसेल प्यायला तरी मॉलमध्ये डबा पाहिला असेल. हा चहा ज्या अर्ल ग्रेंच्या नावानं ओळखला जातो, ते १८३० ते १८३४ या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते. आपले एडवर्ड ग्रे हे त्याच घराण्यातले. पंतप्रधान ग्रे म्हणजे एडवर्डच्या पणजोबांचे सख्खे भाऊ.

एडवर्डचा जन्म २५ एप्रिल १८६२ चा, लंडनमधला. सात भावंडांत तो थोरला. तो १२ वर्षांचा असताना वडील वारले. मग मुलांची जबाबदारी आली आजोबांवर. हे आजोबा म्हणजे सर जॉर्ज ग्रे, ब्रिटनचे माजी गृहमंत्री. राजकारणातून निवृत्त होऊन ते नॉर्थम्बरलँडमधल्या फॅलोडन या आपल्या गावच्या वाड्यावर राहायला आले होते.

फॅलोडन म्हणजे इंग्लंडचा पार उत्तरेकडचा भाग. स्कॉटलंडची हद्द जवळ, समुद्र हाकेच्या अंतरावर. मोठी बाग, झाडी, तळी. एडवर्ड इथं वाढला. मासे पकडायचं वेड त्याला लहानपणीच लागलं आणि ते शेवटपर्यंत सुटलं नाही.

१८८२ मध्ये आजोबा गेले. वयाच्या विशीत एडवर्ड सर झाला आणि फॅलोडनचा मालकही.

कॉलेजनं हाकललं, पोरगं बदकांत रमलं

तेव्हा एडवर्ड ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात शिकत होता. शिकत होता असं आपलं म्हणायचं. टेनिस खेळण्यात तो पटाईत, पण पुस्तकाला हात लावायचं नाव नाही. शेवटी १८८४ मध्ये कॉलेजनं आळशीपणाचं कारण देऊन त्याला घरी पाठवून दिलं.

पुढं परीक्षेपुरता तो परत आला आणि कायद्याची पदवी घेतली. ती पण थर्ड क्लास.

पण घरी बसलेल्या त्या काळात त्यानं दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे राजकारणाची पुस्तकं गंभीरपणे वाचायला घेतली. दुसरी म्हणजे फॅलोडनच्या तळ्यांवर पाणपक्षी जमवायला सुरुवात केली.

कोल्ह्यांपासून वाचवण्यासाठी तळ्यांभोवती कुंपण घातलं. वेगवेगळ्या जातींची बदकं आणून सोडली. तिथं जन्मलेल्या पिल्लांचे पंख मात्र तो छाटत नसे. राहायचं तर राहा, जायचं तर जा, असा मोकळा कारभार. गंमत म्हणजे बरीच पाखरं उडून जायची आणि परत यायची. त्यांच्या पाठोपाठ बाहेरची रानबदकंही तळ्यावर उतरायला लागली.

रोज संध्याकाळी बदकांना दाणा टाकायचा, हा नेम तेव्हा सुरू झाला. मंत्रिपद, महायुद्ध, आंधळेपण असं सगळं आयुष्यात येऊन गेलं, पण फॅलोडनला असले की ग्रे संध्याकाळी तळ्यावर जाणार म्हणजे जाणारच.

आणि हो, ज्या विद्यापीठातून हा मुलगा हाकलला गेला होता, त्याच ऑक्सफर्डचे ते १९२८ मध्ये कुलपती झाले. थर्ड क्लासवाल्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवायला हरकत नाही.

इचन नदीकाठचं छोटं घर

१८८५ हे साल एडवर्ड ग्रे यांच्यासाठी मोठं धावपळीचं ठरलं. ऑक्टोबरमध्ये डोरोथी विडरिंग्टन हिच्याशी लग्न झालं आणि त्याच वर्षी ते लिबरल पक्षाकडून खासदार म्हणून निवडून आले. वय फक्त २३.

नवरा-बायको दोघांनाही लंडन आवडत नव्हतं. पार्ट्या, मेजवान्या, ओळखीपाळखी यांचा डोरोथीला मनापासून कंटाळा. पण संसद तर लंडनमध्ये आणि फॅलोडन पडलं लांब. मग १८९० मध्ये त्यांनी हॅम्पशरमधल्या इचन नदीकाठी एक छोटंसं घर केलं. बंगला म्हणावा असं त्यात काही नव्हतं.

शनिवारी पहाटेची गाडी पकडायची आणि नदीकाठ गाठायचा. तिथं राजकारण्यांना प्रवेश नाही. मासे पकडायचे, मैलोन्‌मैल चालायचं आणि पक्षी ऐकायचे.

हो, ऐकायचे. ग्रे पक्षी बघण्यापेक्षा ऐकण्यात जास्त तयार होते. नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखायचा, त्याचं गाणं कुठल्या महिन्यात सुरू होतं आणि कधी थांबतं हे लक्षात ठेवायचं, याची त्यांना सवय लागली होती. या सवयीचं मोल त्यांना वीस-पंचवीस वर्षांनी कळणार होतं.

दोघांनी मिळून एक वही ठेवली होती. १८९४ पासून पुढं ११ वर्षं त्यात नोंदी होत राहिल्या. आज कुठलं फूल उमललं, कुठला पक्षी पहिल्यांदा बोलला, कुणाचं घरटं दिसलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या साम्राज्याचा एक मंत्री आणि त्याची बायको, पण वहीत साम्राज्याचा पत्ताच नाही.

डिसेंबर १९०५ मध्ये ग्रे परराष्ट्रमंत्री झाले.

दोन महिनेही झाले नव्हते. १९०६ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला फॅलोडनजवळ डोरोथी घोडागाडीतून फेकली गेली. डोक्याला मार लागला आणि तीन दिवसांत ती गेली. ग्रे तेव्हा ४३ वर्षांचे होते. मूलबाळ नव्हतं.

त्या इचनकाठच्या वहीच्या मोजक्या प्रती त्यांनी १९०९ मध्ये छापून घेतल्या. विकायला नाहीत, फक्त जवळच्या माणसांसाठी.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष पक्षी ऐकायला आले

१९१० सालची एक भारी गोष्ट आहे.

अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेतून परतताना इंग्लंडला येणार होते. त्यांनी आधीच निरोप धाडला होता की, इंग्लंडचे पक्षी आपण पुस्तकांत वाचलेत, आता ते गाताना ऐकायचेत. सोबतीला एखादा जाणकार द्या.

जाणकार म्हणून कोण गेलं असेल? खुद्द परराष्ट्रमंत्री.

९ जून १९१० ला दोघं लंडनमधून निघाले. ना पत्रकार, ना लवाजमा. इचनचं खोरं आणि न्यू फॉरेस्टचं जंगल पायी पालथं घातलं. दिवसभरात सुमारे ४० जातींचे पक्षी दिसले आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जातींची गाणी ऐकायला मिळाली. रूझवेल्टना सगळ्यात आवडला तो ब्लॅकबर्ड. आपल्याकडच्या कस्तूर पक्ष्याच्या नात्यातला.

एका ठिकाणी रूझवेल्ट थबकले. गोल्डक्रेस्ट नावाचा एक इवलासा पक्षी गात होता. हे गाणं आपल्याकडच्या एका पक्ष्यासारखं आहे, असं त्यांनी ग्रेंना सांगितलं. ग्रेंनी नंतर तज्ज्ञांकडून खात्री करून घेतली, तर रूझवेल्टचं म्हणणं बरोबर निघालं. अमेरिकन माणसाच्या कानाची त्यांनी पुढं आयुष्यभर तारीफ केली.

दुसऱ्या दिवशी रूझवेल्ट साउथॅम्प्टनहून बोटीनं अमेरिकेला गेले. जगातल्या दोन बड्या माणसांनी अख्खा दिवस एकत्र घालवला आणि विषय काय, तर पाखरं.

१९१४ चा उन्हाळा

आता गोष्टीचा अवघड भाग.

परराष्ट्रमंत्री म्हणून ग्रेंचं धोरण होतं फ्रान्स आणि रशियाशी जुळवून घ्यायचं. १९०७ मध्ये त्यांनी रशियाशी करार केला. त्यात इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट या भागांत कुणी किती हातपाय पसरायचे ते ठरलं. या सगळ्यामागं ब्रिटनला एकच काळजी होती, हिंदुस्थानची सरहद्द सुरक्षित राहावी.

फ्रान्सच्या बाबतीत मात्र त्यांनी एक गोष्ट झाकून ठेवली. दोन्ही देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांमध्ये १९०६ पासून बोलणी चालू होती, पण बऱ्याच मंत्र्यांना त्याचा अनेक वर्षं पत्ता नव्हता.

२८ जून १९१४ ला साराजेव्होमध्ये ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. महिनाभरात युरोप युद्धाच्या तोंडाशी येऊन उभा राहिला. दीड वर्षापूर्वी बाल्कन देशांच्या भांडणात ग्रेंनी सगळ्या देशांचे राजदूत लंडनमध्ये एका टेबलावर बसवून आग विझवली होती. यावेळीही त्यांनी तोच उपाय सुचवला. पण जर्मनी आणि ऑस्ट्रिया बैठकीला तयार झाले नाहीत.

३ ऑगस्टला ग्रे संसदेत उभे राहिले. बेल्जियमला दिलेला शब्द, फ्रान्सशी असलेली मैत्री आणि बाजूला उभं राहिलो तर होणारं नुकसान, हे त्यांनी तासभर मांडलं. आवाज चढवला नाही, टाळ्यांची वाक्यं नाहीत. पण भाषण संपलं तेव्हा सभागृह त्यांच्या बाजूनं वळलं होतं.

त्याच संध्याकाळी ते आपल्या कचेरीच्या खिडकीत उभे होते. खाली रस्त्यावरचे दिवे लावायचं काम चालू होतं. सगळ्या युरोपातले दिवे आता विझत चाललेत आणि आपल्या हयातीत ते पुन्हा लागलेले दिसणार नाहीत, अशा अर्थाचं काहीतरी ते सोबतच्या माणसाशी बोलून गेले. इतिहासाच्या पुस्तकांत आजही त्यांची ओळख मुख्यतः या उद्गारामुळं आहे.

दुसऱ्या दिवशी रात्री ११ वाजता जर्मनीला दिलेली मुदत संपली. युद्ध सुरू झालं.

भारताला कुणी विचारलंच नाही. व्हाइसरॉयनं जाहीर केलं आणि भारत युद्धात. पुढच्या चार वर्षांत १० लाखांहून जास्त भारतीय समुद्रापार पाठवले गेले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. कूतच्या वेढ्यात उपासमार सोसलेल्यांत आणि नंतर कैदेत गेलेल्यांत आपल्या सातारा-रत्नागिरीकडचे जवानही होते.

तेव्हा ग्रेंची गोष्ट वाचताना ती आपल्याला काही परकी नाही.

दिसेनासं व्हायला लागलं

त्याच १९१४ च्या उन्हाळ्यात ग्रेंना आणखी एक बातमी मिळाली होती. ती सगळ्या जगाला माहीत नव्हती.

त्यांची नजर जात चालली होती. एकेकाळी टेनिसचं अजिंक्यपद अनेकदा जिंकलेल्या या माणसाला आता कागद वाचताना त्रास व्हायला लागला. डॉक्टरांनी लांब सुट्टी घ्या, गावाकडं जा, डोळ्यांना आराम द्या असं सांगितलं.

आणि युद्ध लागलं. सुट्टी राहिली बाजूला. पुढची अडीच वर्षं ते तारा, खलिते आणि फायलींचे ढीग वाचत राहिले. डिसेंबर १९१६ मध्ये सरकार बदललं आणि ग्रे पदावरून उतरले. तोवर डोळ्यांचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं होतं.

नशीबही एकदा मागं लागलं की लागतं. १९११ मध्येच भाऊ जॉर्ज आफ्रिकेत सिंहाच्या हल्ल्यात गेला होता. १९१७ मध्ये फॅलोडनचा वाडा जळाला. १९२३ मध्ये इचनकाठचं ते छोटं घरही जळालं. १९२२ मध्ये त्यांनी पामेला यांच्याशी दुसरं लग्न केलं होतं, त्या १९२८ मध्ये वारल्या. त्याच वर्षी दुसरा भाऊ चार्ल्स आफ्रिकेतच रेड्याच्या हल्ल्यात मेला. शिकारीत असे दोन भाऊ गमावलेला माणूस विरळाच.

वाडा पुन्हा बांधला. ग्रे ब्रेल लिपी शिकले. माणसांचे चेहरे ओळखू येईनात, पुस्तक वाचता येईना, झाडावरचा पक्षी दिसेना.

पण कान शाबूत होते. इचनच्या काठावर बायकोसोबत कमावलेले कान.

पहाटे अंधारात कुठला पक्षी आधी गायला, त्याच्या मागून कोण गायला, हे ते अंथरुणात पडल्या पडल्या सांगायचे. आणि जे पक्षी लांबून दिसत नव्हते, त्यांना जवळ आणायचा मार्ग त्यांच्यापाशी होता. हातावर खाऊ.

रॉबिन हातावर कसा येतो?

युरोपातला रॉबिन म्हणजे छातीवर तांबूस-नारिंगी रंग असलेला, चिमणीएवढा पक्षी. आपल्या दयाळ आणि चिरक पक्ष्यांच्या लांबच्या नात्यातला. बागेत माळ्यानं कुदळ मारली की हा हजर. उकरलेल्या मातीतले किडे त्याला आयते मिळतात, म्हणून माणसाची भीती त्याला मुळात कमीच.

ग्रेंची पद्धत साधी होती.

कडाक्याची थंडी पडली, खायला मिळेनासं झालं की काम सुरू करायचं. आधी लांबूनच ब्रेडचा चुरा टाकायचा. पक्षी यायला लागला की चुऱ्याच्या जागी त्याचा आवडता खाऊ, म्हणजे पिठात होणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळ्या टाकायच्या. रोज थोडं अंतर कमी करायचं. मग एका छोट्या डबीत अळ्या ठेवायच्या आणि डबी हातात धरून हात जमिनीवर टेकवायचा.

आता हलायचं नाही. बोटंसुद्धा नाही.

रॉबिन येतो, घुटमळतो, एक अळी उचलून पळतो. पुन्हा येतो. एकदा बोटांवर पाय ठेवला आणि काही वाईट झालं नाही, हे त्याला कळलं की काम फत्ते. मग हात हळूहळू वर न्यायचा. थंडी जोरात असेल तर काही दिवसांतच पक्षी उभ्या माणसाच्या पसरलेल्या हातावर येऊन बसायला लागतो.

ग्रे नुसते खाऊ घालून थांबले नाहीत. त्यांनी निरीक्षणं केली. हिवाळ्यात प्रत्येक रॉबिन बागेचा एक तुकडा आपल्या मालकीचा मानतो. बांधावरून भावकीत भांडणं व्हावीत तशी हद्दीवरून त्यांची मारामारी होते. त्यांचं ते गोड गाणं म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्याला दिलेली तंबी असते.

वसंत आला की गणित बदलतं. मग तोच नर ग्रेंच्या हातातली अळी उचलायचा, पण स्वतः न खाता शेजारी बसलेल्या मादीला नेऊन भरवायचा. थंडीत जिला हद्दीबाहेर हुसकलं असतं, तिलाच आता घास.

एका रॉबिनच्या पंखात एक पांढरं पीस होतं. त्यामुळं तो इतरांतून वेगळा ओळखू यायचा. हा पांढऱ्या पिसाचा पाहुणा वर्षामागून वर्षं बागेच्या त्याच भागात भेटत राहिला, हातावर येत राहिला. मग एका वेळी त्याची जागा दुसऱ्याच रॉबिननं घेतली. बागेतली सत्ताबदली. राजकारणात आयुष्य काढलेल्या माणसाला ती नवीन नसावी.

तळ्यावरची बदकं तर होतीच. संध्याकाळी ग्रे बाकावर येऊन बसले की बदकं पायांशी गोळा व्हायची. वाचनाच्या खोलीच्या खिडकीतून खारी आत येऊन हातातला सुकामेवा घेऊन जायच्या.

ज्याला समोरचा माणूस ओळखू येत नव्हता, त्याला बोटांवरच्या पायांच्या पकडीवरून पक्षी कळत होता.

पुस्तक

१९२५ मध्ये त्यांनी आपल्या कारकिर्दीच्या आठवणी छापल्या. युद्ध टाळण्यासाठी आपण काय केलं आणि का जमलं नाही, याचा तो हिशोब होता.

दोन वर्षांनी, १९२७ मध्ये, दुसरं पुस्तक आलं. नाव 'द चार्म ऑफ बर्ड्स'. या पुस्तकाला शास्त्रीय किंमत नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. वर्षभरात कुठल्या महिन्यात कुठली गाणी ऐकू येतात, पक्षी माणसाळतात कसे, तळ्यावर काय काय घडतं, असं सगळं त्यात होतं. पुस्तक तुफान खपलं.

युद्धात ज्यांची मुलं गेली होती, अशा घरांत ते पुस्तक वाचलं गेलं. युद्धाच्या मंत्र्यानं लिहिलेलं.

मग हा माणूस चांगला की वाईट?

इथं सरळ उत्तर नाही.

ग्रेंचे एकेकाळचे सहकारी लॉइड जॉर्ज यांनी आपल्या आठवणींत त्यांच्यावर कडक टीका केली. ग्रेंनी जर्मनीला वेळीच ठणकावून सांगितलं असतं की ब्रिटन युद्धात उतरणार, तर जर्मनी थांबला असता, असं मानणारा एक गट आहे. फ्रान्सशी गुपचूप बांधून घेतल्यामुळं ब्रिटन अडकलं, असं मानणारा दुसरा गट आहे. आणि त्या जागी कुणीही असतं तरी युद्ध थांबलं नसतं, असं म्हणणारेही आहेत. इतिहासकारांचा हा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाही.

मंत्री असताना त्यांचं मन लंडनपेक्षा नदीकाठी जास्त होतं, असाही आरोप झाला. त्यात तथ्यही आहे. परराष्ट्रमंत्री म्हणून त्यांचा पहिला अधिकृत परदेश दौरा झाला तो थेट एप्रिल १९१४ मध्ये, पॅरिसला. तोवर पद मिळून आठ वर्षं उलटली होती.

पक्ष्यांवरचं प्रेम कुणाच्या निर्णयांचा हिशोब पुसून टाकत नाही. पण ज्या हातानं युद्धाच्या तारांवर सही केली, तोच हात थंडीत तासन्‌तास न हलवता एका पाखराच्या विश्वासाची वाट बघत होता, हेही खरंच आहे. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

पुढं काय झालं?

७ सप्टेंबर १९३३ ला फॅलोडनमध्येच ग्रे वारले. वय ७१. अस्थी तिथल्याच बागेत ठेवल्या गेल्या, जिथं डोरोथीच्या होत्या.

सहा वर्षांनी दुसरं महायुद्ध सुरू झालं. पण त्याच्या एक वर्ष आधी, १९३८ मध्ये, ऑक्सफर्ड विद्यापीठात त्यांच्या नावानं पक्षीशास्त्राची एक संस्था उभी राहिली. एडवर्ड ग्रे इन्स्टिट्यूट.

रॉबिनच्या हद्दीच्या भांडणांवर पुढं डेव्हिड लॅक या शाळामास्तरानं चार वर्षं काम केलं. पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घालून प्रत्येक रॉबिन वेगळा ओळखला आणि १९४३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. १९४५ मध्ये हेच लॅक ग्रेंच्या नावाच्या संस्थेचे संचालक झाले. ऑक्सफर्डजवळच्या वायथम जंगलात १९४७ मध्ये सुरू झालेला टिट पक्ष्यांचा अभ्यास आजही चालू आहे. जगातल्या सगळ्यात दीर्घकाळ चाललेल्या पक्षी-अभ्यासांत त्याची गणना होते.

ज्या माणसानं माझं पुस्तक शास्त्रीय नाही असं सांगितलं, त्याच्या नावावर आज एवढं शास्त्र उभं आहे.

आपण काय घ्यायचं?

काऊ-चिऊच्या नावानं घास भरवतच आपल्याकडची पोरं मोठी होतात. पक्ष्याला घास ठेवणं आपल्याला नवीन नाही. ग्रेंकडून घ्यायचं ते एवढंच की, खाऊ घालण्याबरोबर बघायचंही असतं.

गॅलरीत मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा. ते रोज बदला, भांडं घासा, कारण घाण भांड्यातून पक्ष्यांना रोग होतात. फरसाण, शेव, खारं-तळलेलं देऊ नका. बाजरी, तांदळाची कणी असं काहीतरी द्या, तेही थोडंच. जागा एकच ठेवा, वेळ एकच ठेवा. आणि मग मोबाइल बाजूला ठेवून दहा मिनिटं न हलता बसा.

पहिल्या आठवड्यात काहीच होणार नाही. मग एखादा बुलबुल येईल. एखादा दयाळ कठड्यावर बसून शेपटी उडवेल. रोज येणारा तोच आहे का, त्याची हद्द कुठवर, सकाळी सगळ्यात आधी कोण बोलतं, हे हळूहळू कळायला लागेल.

आणि कधीतरी डोळे मिटून नुसतं ऐकून बघा. समोर काहीच दिसत नसताना फॅलोडनच्या बागेतल्या त्या म्हाताऱ्याला काय काय दिसत होतं, त्याचा थोडा अंदाज येईल.